आगगाडी-प्रतिकृतींचा छंद

आगगाडी-प्रतिकृतींचा छंद : खऱ्या आगगाडीची एंजिने, डबे, रूळ, स्थानके व भोवतालचा परिसर यांच्या ठराविक प्रमाणातील लहान प्रतिकृती जमविणे, त्यांत फेरफार करणे व त्या चालविणे या छंदास ही संज्ञा लावतात. खेळण्यातील आगगाडी आणि प्रतिकृती यांत महत्त्वाचा भेद आहे. खेळण्यात आगगाडीचा केवळ आभास पुरेसा असतो. प्रतिकृतीचे प्रत्येक परिमाण मात्र मूळ वस्तूच्या परिमाणाला एकाच संख्येने भागून काढलेले असते. त्यामुळे चांगली प्रतिकृती ही करमणुकीची वस्तू असतेच, शिवाय ती मूळ वस्तूची विश्वसनीय नोंदही ठरते. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांसारख्या, जुने लोहमार्ग झपाट्याने नाहीसे होत असलेल्या प्रदेशात या दुसऱ्या उपयोगास विशेष महत्त्व आहे.

इतिहास : आगगाडीची खेळणी एकोणिसाव्या शतकातच यूरोपात तयार होऊ लागली होती. तथापि गाडी एका कारखान्याची व रूळ दुसऱ्याचे असे जुळविणे तेव्हा शक्य नव्हते. जर्मनीतील मार्कलिन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत निश्चित रूळमापांच्या, भर घालून वाढविता येणाऱ्या गाड्यांचे संच मांडले आणि या छंदाचा पाया घातला. इंग्लंडमध्ये बॅसेट-लोक व अमेरिकेत लायनेल या संस्थांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा व्यवसाय वाढविला. मेकॅनो या जोडकामाच्या खेळण्याचा जनक फ्रँक हॉर्नबी याच्या कारखान्यातून १९२० पासून आगगाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीच्या गाड्या पत्र्याच्या असून चावीवर चालत. पुढे विद्युत् चलित्रे लहान झाली, तसे प्रतिकृतींचे आकारही घटले आणि हा छंद घरातील एका खोलीत मावू लागला. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड ॲसोसिएशन या संघटनेने चाके, रूळ व विद्युत् जोडणी यांची मानके ठरविल्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांचा माल एकत्र वापरणे सुलभ झाले.

भारतात स्वातंत्र्योत्तर काळात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर दीर्घकाळ कडक निर्बंध होते. त्यामुळे परदेशी प्रतिकृती दुर्मिळ व महाग असत आणि छांदिष्टांना बरेचसे काम स्वतःच्या हातांनी करावे लागे. महाराष्ट्रातील या छंदाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पुण्याच्या कोथरूड भागातील लघुरेल्वे संग्रहालय होय. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून ते साकारले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. एका छोट्या शहराच्या देखाव्यातून विविध प्रकारच्या गाड्या तेथे एकाच वेळी धावताना दिसतात.

प्रमाण व रूळमाप : प्रतिकृती मूळ वस्तूच्या किती पट लहान आहे ते ‘प्रमाण’ दर्शविते, तर दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतरास ‘रूळमाप’ म्हणतात. नवशिक्यांकडून या दोहोंची गल्लत होते. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले ‘एचओ’ प्रमाण १/८७ असून त्याचे रूळमाप १६·५ मिमी. आहे. ब्रिटनमध्ये रूळमाप तेच ठेवून ‘ओओ’ या नावाचे सु. १/७६ प्रमाण वापरतात. जागा कमी असल्यास १/१६० प्रमाणाचे, ९ मिमी. रूळमापाचे ‘एन’ किंवा १/२२० प्रमाणाचे, ६·५ मिमी. रूळमापाचे ‘झेड’ हे प्रकार सोयीचे पडतात. बागेत मांडावयाच्या मोठ्या गाड्यांसाठी ४५ मिमी. रूळमाप वापरतात. त्यांतील काही एंजिने स्पिरिट वा वायू जाळून खऱ्या वाफेवर चालतात.

ही मापे यूरोप व अमेरिकेतील १,४३५ मिमी. रूळमाप गृहीत धरून ठरलेली आहेत. १६·५ ला ८७ ने गुणल्यास हीच संख्या येते. भारतातील रुंदमापी मार्ग मात्र १,६७६ मिमी. अंतराचा आहे. १/८७ प्रमाणात तो १९·३ मिमी. व्हावयास हवा. बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय एंजिनाची प्रतिकृती ठेवली, तर तिची चाके प्रत्येक बाजूस सु. १·४ मिमी. आत जातात आणि एंजिन अरुंद पायांवर उभे असल्यासारखे भासते. काटेकोर छांदिष्ट रूळ स्वतः घालून व आस लांबवून हा दोष दूर करतात. पण मग तयार सांधे व इतरांच्या गाड्या त्यांना वापरता येत नाहीत. बहुसंख्य लोक दोष पत्करून चालण्याची सोय निवडतात. सत्यता व सोय यांतील ही निवड या छंदात पदोपदी करावी लागते.

वऱ्हाडातील लोहमार्ग व प्रतिकृती : या प्रश्नाच्या अभ्यासाला वऱ्हाडाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल, कारण येथे तीनही रूळमापे जवळजवळ नांदत होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर हा रुंदमापी मार्ग अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा येथून जातो. तो १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमरावती शहर या मार्गापासून दूर राहिल्याने बडनेऱ्याहून तेथपर्यंत फाटा काढण्यात आला. अकोल्यावरून खांडवा व पूर्णा या दिशांना जाणारा मार्ग मीटरमापी होता. तिसरा मार्ग मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ (११३ किमी.) व दुसरीकडे अचलपूर (७६ किमी.) येथे जाणारा ७६२ मिमी. मापाचा अरुंद मार्ग. वऱ्हाडातील कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने १९१० मध्ये स्थापिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने तो बांधविला. लोकांनी त्यावरील गाडीला ‘शकुंतला’ हे नाव दिले.

या तिन्ही मार्गांची प्रतिकृती १/८७ प्रमाणात करावयाची झाल्यास पुढील स्थिती दिसते. मीटरमापी मार्ग ११·५ मिमी. होतो आणि त्यासाठी १२ मिमी. रूळ मिळतात. शकुंतलेचा मार्ग ८·८ मिमी. भरतो आणि ‘एन’ प्रकारचे ९ मिमी. रूळ त्यास जवळजवळ तंतोतंत जुळतात. उणीव केवळ स्लीपरांची असते. तयार रुळांचे स्लीपर लहान व दाट असल्याने ते काढून मोठे व विरळ बसवावे लागतात. म्हणजे देशातील प्रमुख मार्गाची प्रतिकृती सदोष राहते आणि आडवळणाच्या छोट्या मार्गाची मात्र बिनचूक साधते.

वळणांच्या बाबतीतही अरुंद मार्ग सोयीचा आहे. भारतीय नियमांनुसार रुंदमापी मार्गाच्या वळणाची त्रिज्या सामान्यतः १७५ मी. पेक्षा कमी नसते. मीटरमापी मार्गावर ती १०९ मी. व ७६२ मिमी. मार्गावर ४४ मी. पर्यंत चालते. १/८७ प्रमाणात या त्रिज्या अनुक्रमे २ मी., १·२५ मी. व ५१ सेंमी. होतात. पहिल्या वळणासाठी दिवाणखाना लागेल, तर तिसरे वळण एका मोठ्या मेजावर मावते.

शकुंतलेचे मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले ‘झेडडी’ वर्गाचे बाष्प एंजिन एप्रिल १९९४ पर्यंत सेवेत होते. त्यानंतर तेथे डीझेल एंजिन आले. पुढे या मार्गावरील वाहतूकही बंद झाली. अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये रुंदमापी झाला आणि अकोला–अकोट विभागावरील मीटरमापी गाडी २०१७ च्या आरंभी थांबली. अकोट–खांडवा दरम्यान मेळघाटातील धूळघाट येथे मार्ग डोंगराला वेढा घालून स्वतःच्याच वरून जात असे. हीच युक्ती छांदिष्ट कमी जागेत उंची गाठण्यासाठी वापरतात. ५० सेंमी. त्रिज्येच्या वेढ्यात ४० स १ असा चढ दिल्यास एका फेरीत रूळ सु. ८ सेंमी. वर जातो आणि खालून एंजिन व डबे निर्वेधपणे जाऊ शकतात.

एंजिनाची रचना व चालन : प्रतिकृतीतील बहुतेक एंजिने १२ व्होल्टपर्यंतच्या एकदिश विद्युत् प्रवाहावर चालतात. एक रूळ धन व दुसरा ऋण असतो. चाकांना टेकलेल्या पितळी पट्ट्यांमार्फत प्रवाह चलित्राकडे जातो आणि चलित्राची वेगवान गती मळसूत्री दंतचक्राने कमी होऊन आसाला मिळते. विद्युत् दाब कमीजास्त करून वेग व ध्रुव बदलून दिशा नियंत्रित करतात. या पद्धतीत एका विद्युत् खंडावरील सर्व एंजिने एकदमच चालतात. अंकीय नियंत्रण पद्धतीत ही अडचण नसते. तीत रुळांमधून वीज व आज्ञा एकत्र पाठवितात. प्रत्येक एंजिनात बसविलेले इलेक्ट्रॉनीय उपकरण स्वतःच्या क्रमांकासाठी आलेलीच आज्ञा ओळखते. त्यामुळे एकाच रुळावर दोन एंजिने स्वतंत्रपणे हाकता येतात आणि शिटी व दिवेही नियंत्रित होतात.

एंजिनाची खरी परीक्षा संथ गतीत होते. शकुंतला ताशी सु. २० किमी. वेगाने जात असे. १/८७ प्रमाणात हा वेग सेकंदास ६·४ सेंमी. होतो. या गतीने न अडखळता चालण्यासाठी सर्व चाकांवरून वीज घेणे, चलित्रावर जडचक्र बसविणे, वजन वाढविणे आणि रूळ व चाके निर्मळ ठेवणे आवश्यक असते. गाडी थांबण्याचे कारण बहुधा चलित्रात नसून रुळावरील धूळ व काजळीत असते.

फेरफार : भारतीय एंजिनांच्या तयार प्रतिकृती थोड्या असल्याने छांदिष्ट परदेशी एंजिनाचा चालता सांगाडा घेऊन त्यावर नवे कवच बसवितात. कवचासाठी पितळेचा पत्रा कापून डाख देतात किंवा प्लॅस्टिकचे पातळ तक्ते चिकटवितात. अलीकडे संगणकावर आराखडा काढून त्रिमितीय मुद्रणाने भाग घडविण्याची पद्धत रूढ झाली आहे. प्रथम मूळ एंजिनाच्या चाकांचा व्यास व आसांमधील अंतर तपासून त्यास जवळचा सांगाडा शोधणे इष्ट असते, कारण कवच बदलता येते, पण चाकांचे अंतर बदलणे अवघड असते. त्यानंतर कठडे, दिवे, निर्वात गतिरोधकाच्या नळ्या, डबे जोडणारे आकडे व क्रमांक ही कामे येतात. शेवटी काजळी, गंज व वऱ्हाडच्या काळ्या मातीची धूळ यांच्या सौम्य छटा देऊन गाडी वापरातली भासविली जाते. मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाच्या देखाव्यात कापसाच्या बंड्या, जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना व रुईच्या गाठी भरलेल्या वाघिणी असतील, तर हा मार्ग कशासाठी होता हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

संग्रह व जतन : संग्राहक जुन्या प्रतिकृतींचे मूल्य त्यांची दुर्मिळता, मूळ रंग व मूळ खोका यांवरून ठरवितात. जुने एंजिन नव्याने रंगविल्यास ते सुंदर दिसते, पण त्याचे संग्राह्य मूल्य घटते. म्हणून फेरफार सामान्य व सहज मिळणाऱ्या नगावरच करावेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ओतीव जस्तमिश्रधातूच्या भागांत शिशासारखी अशुद्धी राहिली असल्यास ते फुगून तडकतात. हा दोष दुरुस्त होत नाही. असे भाग बदलावेच लागतात.

वऱ्हाडचे हवामान या वस्तूंना प्रतिकूल आहे. अकोल्यात उन्हाळी तपमान ४५° से. च्या वर जाते. पत्र्याच्या छपराखाली ते आणखी वाढते. मुद्रणात सर्रास वापरले जाणारे पीएलए हे प्लॅस्टिक सु. ६०° से. ला मऊ होऊ लागते. त्यामुळे त्याचे भाग बंद मोटारीत वा माळ्यावर ठेवल्यास वाकतात. उन्हाने रूळ लांबतात, म्हणून सांध्यांत बारीक फट ठेवणे जरूर असते. पावसाळ्यात लाकडी पाट फुगू नये म्हणून तो सर्व बाजूंनी रंगवावा लागतो.

छंदाचे महत्त्व : या छंदातून विद्युत्, यंत्रविद्या, सुतारकाम व भूगोल यांचे ज्ञान हातांद्वारे मिळते. त्याहून महत्त्वाचा उपयोग नोंदीचा आहे. मोठी एंजिने संग्रहालयांत सुरक्षित राहू शकतात. नागपूर येथे मोतीबाग भागात २००२ मध्ये सुरू झालेले अरुंदमापी रेल्वे संग्रहालय हे याचे उदाहरण होय. परंतु छोट्या स्थानकाची इमारत, पाण्याची टाकी, मालधक्का, सांधे व फलक यांना सहसा कोणी जपत नाही. मार्ग उखडला की त्यांची मापेही नाहीशी होतात. प्रतिकृती करणाऱ्याला ही सर्व मापे लागतात. म्हणून तो परवानगी घेऊन छायाचित्रे काढतो, फूटपट्टी धरून भिंती मोजतो, निवृत्त कर्मचाऱ्यांना गाड्यांची रचना व रंग विचारतो आणि आराखडे काढतो. हे आराखडे नीट दिनांकित करून ठेवल्यास प्रतिकृती पुरी झाली नाही, तरी श्रम वाया जात नाहीत. शकुंतलेचा मार्ग रुंदमापी करण्याची मागणी वऱ्हाडातून सातत्याने होत आली असून दळणवळणाच्या दृष्टीने ती रास्त आहे. ती पुरी झाल्यास जुन्या मार्गाचे जे रूप उरेल, ते मुख्यतः अशा नोंदींत व प्रतिकृतींतच उरेल.