मोकळ्या जागांचा हिशोब

मूळ संख्यांना ना ताल ना तंत्र, असं गणिताची आवड असलेली माणसंही बिनदिक्कत सांगतात. वाटतंही तसंच: ८९ नंतर एकदम ९७, आणि मग १०१, १०३ शेजारीशेजारी. पण अंतरं मोजायला बसलं की ६ हा आकडा सारखा आडवा येतो.

कारण शाळेतलंच आहे. २ आणि ३ वगळता कुठल्याही मूळ संख्येला ६ने भागा, बाकी १ किंवा ५च उरते. बाकी १ असेल तर २ मिळवताच संख्या ३च्या पाढ्यात जाते. बाकी ५ असेल तर ४ मिळवल्यावर तेच होतं. ६ मिळवले तर मात्र दोघींनाही वाट मोकळी. संगणकाने मोजलेल्या मोठ्या पल्ल्यांत म्हणूनच ६चं अंतर सर्वांत जास्त वेळा सापडतं. तरी ही गादी कायमची नसावी. १९९९ मध्ये ओड्लिझ्को, रुबिनस्टाइन आणि वुल्फ यांनी अंदाज मांडला, की ३६ अंकी संख्यांच्या आसपास ३० पुढे जाईल, कारण ३०ला ५नेही भाग जातो. पुढे २१०. सिद्धता अजून नाही.

अंतर वाढतच जातं, ही दुसरी समजूत. वाढते ती सरासरी. १० लाखांपर्यंत ७८,४९८ मूळ संख्या आहेत, म्हणजे सरासरी अंतर जेमतेम १३. पण त्याच टोकाला ९,९९,९५९ आणि ९,९९,९६१ ही जोडमूळ, म्हणजे २च्या अंतराची, जोडी बसलेली आहे! उलट हवी तेवढी लांब ओसाडीही मिळते. १ ते १०चा गुणाकार ३६,२८,८००. त्यात २ ते १० पैकी काहीही मिळवा, मिळवलेल्या संख्येने बेरजेला भाग जातोच. सलग नऊ संख्या बाद.

जोडमूळ संख्या अनंत आहेत हे २०१३ मध्ये सिद्ध झालं, असंही ऐकू येतं. यितांग झँग यांनी सिद्ध केलं ते एवढंच, की ७ कोटींपेक्षा कमी अंतराच्या जोड्या अनंत आहेत. वर्षभरात ती मर्यादा २४६ वर आली. २ अजून दूरच.

एकक स्थानचा अंक तरी नाणेफेकीसारखा? तोही नाही. स्टॅनफर्डच्या लेम्के ऑलिव्हर आणि सौंदरराजन यांनी २०१६ मध्ये पहिल्या १० कोटी मूळ संख्या तपासल्या. १ने संपणाऱ्या संख्येनंतर पुन्हा १नेच संपणारी येण्याचं प्रमाण २५ नव्हे, सुमारे १८.५ टक्के निघालं. हा कल पुढे ओसरेल, पण फार सावकाश, असा त्यांचा अंदाज आहे.