बेरीज-वजाबाकीची घरातील शाळा

आपल्या मुलास शंभरापर्यंत अंक तोंडपाठ आहेत, एवढ्यावर पुष्कळ आईबाप समाधान मानतात. परंतु अंक म्हणणे निराळे आणि मोजणे निराळे. ‘सात’ हा शब्द येणाऱ्या बालकाला ढिगातून सात चिंचोके वेगळे काढता येतीलच असे नाही. ग्रामीण भारतातील मुलांची ‘असर’ नावाची जी पाहणी होते, तिच्यात २०२४ साली तिसरीतील १०० मुलांपैकी सुमारे ३४ मुलांनाच दोन अंकी वजाबाकी साधली. उरलेली ६६ मुले काय मंदबुद्धीची आहेत? मुळीच नाही. त्यांचा पाया घाईने भरला गेला, एवढेच.

सुरतेतील कतारगामचे उदाहरण घ्या. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांचा हा भाग. खानदेशातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस गेली. तेथील नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. अशा घरातील बालक घरी ‘बेरीज’ ऐकते, तर गुजराती सवंगड्यांच्या तोंडी ‘सरवाळो’. घरी ‘वजाबाकी’, अंगणात ‘बादबाकी’. घरी ‘हातचा’, तर तेथे ‘वद्दी’. नावे दोन, क्रिया एकच. ज्याने वस्तू हाताळून ती क्रिया अनुभवली, त्याला दोन नावांची अडचण होत नाही. ज्याने नुसता शब्द पाठ केला, तो मात्र गोंधळतो.

आपल्या संख्यानामांतही एक अडचण आहे. २१ लिहिताना दोन आधी येतो, पण बोलताना ‘एकवीस’मध्ये एक आधी येतो. ‘एकोणतीस’ ऐकून बालकाला तीसच आठवतात. म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. वाद बाजूस ठेवू. पण घरी आईने ‘एकवीस, म्हणजे वीस आणि एक’ असे दोन्ही म्हणून दाखविल्यास बालकाचे हितच होईल.

शिकवावे कसे? भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला गरिबांच्या मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. परिसरात सापडणारे खडे, शिंपले, बिया हीच त्यांची साधने. आपल्या घरीही चिंचोके आहेत. प्रथम पाच चिंचोके व तीन चिंचोके एकत्र करून मोजू द्यावे. नंतर ‘पाच मनात धर’ असे सांगून पुढे सहा, सात, आठ असे मोजावयास लावावे. त्यानंतर दहाच्या जोड्या खेळाव्यात : सात आणि तीन, सहा आणि चार. ह्या जोड्या पक्क्या झाल्या की अर्धे गणित झाले.

खरी कसोटी हातच्याची. ५२ मधून २७ वजा करताना पुष्कळ मुले ३५ असे उत्तर लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढतात! येथे रागावू नये. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या द्याव्यात. एक गठ्ठा सोडला की सुट्या बारा होतात. त्यांतून सात काढल्या, पाच उरल्या. उरलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन काढले, दोन उरले. उत्तर २५. मग २५ व २७ यांची बेरीज करून पाहावी. ५२ आले की बालकाला स्वतःच स्वतःची खात्री पटते.

उदाहरणे जीवनातूनच घ्यावीत. कतारगामच्या कारागिराला ठाऊक असते की गोल हिऱ्याच्या वरच्या भागास ३३ व खालच्या भागास २४ पैलू असतात, एकूण ५७. आपल्या घरी तर रोझरीची माळ आहे. दहा-दहा मण्यांची पाच दशके, म्हणजे ५०. आरंभीचे तीन मणी मिळवले की ‘नमो मरिया’ ५३ वेळा. दशक म्हणजे काय, हे बालकाने याहून सुंदर रीतीने कोठे शिकावे? जप आटोपल्यावर दोन प्रश्न विचारण्यास हरकत नाही.

आणि वजाबाकी शिकविताना लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील मेंढपाळ आठवावा. शंभरातून एक गेले, नव्याण्णव उरले. एक हरवले हे त्याला कळले, कारण तो आपली मेंढरे मोजीत होता; आणि ते त्याने शोधले, कारण त्याचे त्यांवर प्रेम होते. तिसरीच्या वर्गात मागे राहिलेले मूलही असेच एक मेंढरू होय. त्याला छडीने वा टोमण्याने मागे लोटू नये. रोज सायंकाळी दहा मिनिटे मूठभर चिंचोके घेऊन आईने वा बापाने त्याच्याजवळ बसावे. खर्च काहीच नाही, आणि प्राप्ती आयुष्यभराची आहे.