जुन्या लेथास नवा संगणक

वसमतच्या बाजारपेठेत हळदीचा हंगाम आला म्हणजे गोण्यांच्या थप्प्या सर्वांच्याच दृष्टीस पडतात. परंतु हळद पॉलिश करणारे ड्रम ज्या दांड्यांवर फिरतात ते दांडे कोठे तयार होतात, हा प्रश्न थोड्यांच्याच मनात येतो. असा दांडा बेअरिंगपाशी झिजला म्हणजे तो लेथावर चढवावा लागतो. कातारी जे काम लाकडावर करी, तेच लेथ लोखंडावर करते. काम फिरते आणि हत्यार सरकते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाही.

आपल्याकडे लेथांचा विषय निघाला की किर्लोस्करांचे नाव येतेच. हरिहर येथे १९४१ साली निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याची लेथे पुष्कळ ठिकाणी अद्याप चालताना दिसतात. ती कारागिराच्या हाताने चालणारी. हत्यारास आकड्यांनी हुकूम देण्याची विद्या मागाहून आली; अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशाळेत १९५२ साली भोके पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे पहिले यंत्र लोकांस दाखविण्यात आले. पुढे फितीच्या जागी संगणक आला, आणि १९८० नंतरच्या दशकात टेबलावर मावतील अशी सीएनसी लेथे शिक्षणसंस्थांतून दिसू लागली. ऑस्ट्रियातील एम्को कंपनीचे कॉम्पॅक्ट ५ हे त्यांपैकीच. त्याचा प्रोग्रॅम चक्क गाण्याच्या कॅसेटसारख्या कॅसेटवर साठविता येई!

अशा यंत्रांची आज काय अवस्था होते? बेड, चक, स्लाइड हे लोखंडी भाग तेल मिळत राहिल्यास तीस-चाळीस वर्षे सहज टिकतात. परंतु नियंत्रणपेटीतील कपॅसिटर सुकतात, पडदा अंधारतो आणि तसे सुटे भाग कोणी बनवीत नाही. मग धडधाकट यंत्र भंगारात जाते. शरीर निरोगी असता केवळ मेंदू थकला म्हणून हे व्हावे, हे आम्हांस पटत नाही. जुनी पेटी काढून नवी बसविणे, हाच त्यावर उपाय होय.

मात्र आरंभ संगणक विकत आणण्यापासून करू नये. पुष्कळ उत्साही मंडळी येथेच चुकतात. प्रथम स्लाइडला डायल गेज लावावा, ती एका दिशेने सरकवून मग उलट फिरवावी, आणि स्क्रू फिरूनही स्लाइड किती अंतर हलत नाही ते पाहावे. या ढिलाईस कारागीर 'प्ले' म्हणतात. थोडा प्ले संगणकास आकड्याने सांगून सांभाळता येतो. पण झिजलेल्या बेडास कोणताही संगणक सरळ करू शकत नाही.

आता हुकूम मोटारीपर्यंत कसा पोहोचतो ते पाहू. स्टेपर मोटार विजेच्या एकेका ठोक्यासरशी एकेक पाऊल फिरते. सामान्यतः २०० पावलांचा एक फेरा होतो. स्क्रूच्या एका फेऱ्यात स्लाइड ४ मिलिमीटर सरकत असेल, तर एका ठोक्यास ०.०२ मिलिमीटर. हत्यार तेवढे आत गेले म्हणजे दांड्याचा व्यास ०.०४ ने घटतो, कारण दोन्ही बाजूंनी धातू जातो. स्लाइड मिनिटास ६०० मिलिमीटर चालवावयाची तर दर सेकंदास ५०० ठोके, तेही अगदी समान अंतराने, द्यावे लागतात. साधा संगणक मध्येच दुसऱ्या कामात गुंतला की ताल चुकतो. म्हणून एक तर ठोके देण्याचे काम वेगळ्या छोट्या बोर्डाकडे सोपवितात, किंवा लिनक्ससीएनसी यासारखी, वेळेचे बंधन पाळणारी प्रणाली वापरतात. हिचा उगम अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत झाला असून ती आज कोणासही विनामूल्य मिळते.

खरी परीक्षा आटे पाडताना होते. दीड मिलिमीटरचा आटा हवा असेल तर चकाच्या प्रत्येक फेऱ्यात हत्यार बरोबर दीड मिलिमीटर पुढे गेले पाहिजे. आटा एका दमात निघत नाही; हत्यार त्याच चरीतून अनेक वेळा न्यावे लागते, आणि दर वेळी आरंभ एकाच बिंदूपासून झाला नाही तर आधीची चर कापली जाऊन दांडा वाया जातो. यास्तव स्पिंडलवर एन्कोडर बसवितात. तो प्रत्येक फेऱ्यात एक खूण पाठवितो. ती आली की संगणक हत्यारास सोडतो. वेग किंचित कमीजास्त झाला तरी एन्कोडर तेही कळवितो, आणि हत्यार त्याप्रमाणे आपली चाल बदलते.

तांबडे थांबा-बटण संगणकाच्या भरवशावर ठेवू नये, हे पालकांनीही लक्षात घ्यावे. ते दाबताच मोटारींची वीज प्रत्यक्ष तुटली पाहिजे. कारण संगणक गोठला असेल तर त्यास 'थांब' म्हणून सांगण्यात काय अर्थ? फिरत्या चकापुढे सैल बाही, रुमाल किंवा हातमोजे यांस थारा नाही.

आपल्याकडे वीज मध्येच जाते, हीही गोष्ट विचारात घ्यावयाची आहे. साध्या स्टेपर मोटारीस आपण कोठे आहोत हे ठाऊक नसते. ती केवळ मिळालेला हुकूम पाळते. वीज परत आल्यावर काम जेथे थांबले तेथूनच चालू केले, तर हत्यार चकावर आदळण्याचा संभव असतो. म्हणून स्लाइड टोकाच्या स्विचपर्यंत नेऊन यंत्रास पुन्हा शून्य दाखवावे, चक रिकामे ठेवून प्रोग्रॅम एकदा हवेतच चालवावा, मग नायलॉनच्या तुकड्यावर, आणि तो मायक्रोमीटरने मोजून झाल्यावरच लोखंड चढवावे.