कीचक : चिखलदऱ्याची आख्यायिका आणि रंगभूमी-चित्रपटांतील दर्शन

प्रस्तावना
अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे नाव 'कीचकदरा' या शब्दावरून आले, अशी लोकश्रद्धा आहे. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले व भीमकुंडात हात धुतले, असे सांगितले जाते. विराटनगरीचे स्थान अभ्यासक सामान्यतः राजस्थानातील बैराट येथे मानतात. तथापि वऱ्हाडच्या लोकमानसात कीचकाचे भय याच दरीशी निगडित आहे. वस्तुतः कीचक हा राक्षस नव्हे. तो विराटाचा मेहुणा व सेनापती होय. मग त्याचे राक्षसीपण नेमके कशात आहे? या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात दोन गाजलेल्या कलाकृतींचा विचार केला आहे.

रंगभूमीवरील कीचक
कृ. प्र. खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक 1907 मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील उन्मत्त कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत पराधीन भारतमाता, तर युधिष्ठिर व भीम यांच्यात अनुक्रमे मवाळ व जहाल पक्ष दिसला. येथे भय कीचकाच्या देहाचे नसून त्याच्या अनिर्बंध सत्तेचे होते. सरकारनेही ते ओळखले आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली.

पडद्यावरील कीचक
बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री' (1920) या मूकपटात शब्दांचा आधार नव्हता. त्यामुळे भर दृश्यावर आला. कीचकवधाचे चित्रण इतके वास्तव होते की परीक्षण मंडळाने ते वगळावयास लावले. हॉलिवूडच्या 'फ्रँकेनस्टाइन' (1931) मधील तळ्याकाठच्या बालिकेचा प्रसंगही काही ठिकाणी असाच कापला गेला. परिणामी न दाखविलेले अधिक भीषण भासले.

समारोप
नाटकात सत्ताधाऱ्याचा उन्माद, तर चित्रपटात त्याचा अंत आक्षेपार्ह ठरला. परंतु विराटपर्वातील सर्वांत भयावह क्षण या दोहोंच्याही आधीचा आहे. भरसभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो आणि विराट राजा त्याला शासन करीत नाही. कीचकाला राक्षस बनविते ते हे मौन. हा प्रसंग ज्या सादरीकरणात ठळक होतो, तेथेच कीचक खऱ्या अर्थाने कळतो. चिखलदऱ्याची दरी दाखविताना वधाबरोबर त्या सभेचीही कथा विद्यार्थ्यांना सांगितली जाणे आवश्यक आहे.