मोबाइल खिशात, मान वर

पानगळ म्हटली की आपल्याला स्वेटर आठवतो. ही सगळी कॅलेंडरवरच्या परदेशी फोटोंची कृपा! आपल्या कोपऱ्यावरचा पिंपळ पानं झाडतो ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन तापायला लागल्यावर. झाडूवाल्या मावशींना विचारा. आणि पाठोपाठ तोच पिंपळ तांबूस पालवीने लखलखतो. कुसुंबाचा थाट तर त्याहून वरचा. नवी पालवी इतकी लालभडक की दुरून झाड फुललंय असंच वाटावं.

याच दिवसांत पहाटे झोपमोड करणारा गवई म्हणजे कोकीळ. गातो तो काळाकुळीत नर. मादी तपकिरी, ठिपकेदार. ती नुसती ‘किक्-किक्’ करते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते. म्हणजे हा सगळा रियाज कावळ्यांच्या वेळापत्रकावर! कावळा चोचीत काड्या आणि तारेचे तुकडे नेताना दिसला, की समजा मैफल रंगणार.

एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असा जुना ठोकताळा. छत्री मात्र हवामान खात्याला विचारूनच काढा. जांभळं ताम्हण आपलं राज्यफूल. त्याच्याखाली स्कूटर लावणाऱ्या किती जणांना ते माहीत असतं, देव जाणे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचं खाली पडलेलं फूल उचलून पाहा: चार पाकळ्या लाल, पाचवी मात्र पांढरट, तांबड्या ठिपक्यांची. मुलं त्यातले केसर एकमेकांत अडकवून कोंबड्यांची झुंज लावतात. ज्याचं डोकं तुटलं तो हरला.

पहिला दमदार पाऊस झाला की मोकळ्या प्लॉटवर खाली वाकून बघा. लाल मखमली ठिपका चालताना दिसला तर तो मृगाचा किडा. पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे हा खरा किडा नव्हेच, कोळ्या-विंचवांच्या गोतावळ्यातला! एरवी मातीत दडून असतो, म्हणून भेट दुर्मीळ.

श्रावण-भाद्रपदात कुंपणाकडेला तेरडा फुलतो. रंग तीन दिवसांचा असेल, पण खरी गंमत त्याच्या बोंडात. पिकलेलं बोंड हलकेच दाबा. फट्कन फुटतं, साली गुंडाळतात आणि बिया उडतात. हा खेळ सोडवत नाही, आधीच सांगून ठेवतो.

ऑक्टोबरच्या संध्याकाळी सप्तपर्णीचा वास येतो. कुणी म्हणतं स्वर्गीय, कुणाचं डोकं दुखतं. सात पानं मोजायला जाल तर फसाल. झुपक्यात कधी पाच, कधी सहाच निघतात. त्याच सुमारास बुचाखाली पांढऱ्या फुलांचा सडा असतो. देठ इतके लांब की दोऱ्याशिवाय वेणी गुंफता येते.

आणि पार्किंगमध्ये शेपटी वर-खाली करत तुरुतुरु चालणारा पाहुणा? तो धोबी, हिमालयाकडून हिवाळ्यापुरता आलेला. उन्हाळा लागला की परत जातो, तोवर गाडी जरा बेतानं लावा.