डबा फुटलाय, मशीन नाही!

आपल्या मेन बिल्डिंगसमोरच्या लॉनवर बसून सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी जर्नल न उतरवलेला विद्यार्थी दाखवा आणि बक्षीस मिळवा! पण त्या लॉनचं गवत कापणाऱ्या मशीनकडे आपण कधी नीट बघतो का? त्याच्या मागे एक प्लॅस्टिकचा डबा लटकलेला असतो. कापलेलं गवत त्यात जमा होतं. हा लेख त्या डब्यावर आहे. (मेकॅनिकलच्या मुलीकडून कवितेची अपेक्षा संपादकांनी ठेवलीच नव्हती म्हणा.) मराठीत त्याला 'तृणसंचय-पेटी' वगैरे म्हणता येईल, पण मी पडले कॉन्व्हेंटची, असले शब्द मला पेलत नाहीत. माळीकाका 'डबा' म्हणतात, आपणही डबाच म्हणू.

या डब्यांचं एक ठरलेलं आयुष्य असतं. मशीनची मोटर दहा-दहा वर्षं चालते, पात्याला दर हंगामात धार लावली की ते परत नवं. डबा मात्र दोन-तीन उन्हाळ्यांत पांढुरका पडतो, मग तडकतो, मग अडकवायच्या खाचा तुटतात, आणि मग सुतळी येते! सुतळीने बांधलेला डबा पहिल्या वळणाला तिरका होतो, फटीतून गवत उडतं, काकांना वाकून हाताने गोळा करावं लागतं. शेवटी कंटाळून डबा स्टोअरच्या मागे जातो आणि मशीन बिनडब्याचं चालू होतं. इथपर्यंत कुणाला काही वाटत नाही. पण खरी गडबड इथेच आहे.

डबा जिथे बसतो तिथे वर एक स्प्रिंगची झडप असते. डबा काढला की ती आपोआप खाली पडून तोंड बंद करते. ही झडप शोभेची नाही. साधा हिशेब करू. पातं ४० सेंटिमीटर लांब आणि मोटर मिनिटाला २८५० फेरे घेणारी धरली, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर येतो, म्हणजे ताशी २१५ किलोमीटर. या वेगाचा फटका बसलेला खडा कुठे जाईल हे सांगायला अप्लाइड मेकॅनिक्स सुटलेलं असण्याची गरज नाही. मशीन ढकलणारा माणूस बरोबर त्या तोंडामागे उभा असतो, त्याच्या नडग्या तोंडापासून हातभर अंतरावर. आमच्या काकांच्या डाव्या नडगीवर तीन टाक्यांचा व्रण आहे. मी विचारलं, "काका, झडप वर का बांधलीय?" तर म्हणाले, "अहो ताई, डबा नाही तर गवत बाहेर कुठून पडणार? खाली सोडली की आत कोंबतं." त्यांचंही बरोबर होतं. कापायला सांगितलेलं गवत त्यांना संपवायचं होतं. म्हणजे तुटलेल्या खाचेपासून टाक्यांपर्यंतची साखळी सरळ आहे आणि ती तोडायची जागा म्हणजे डबा.

आता हा डबा तुटतो का, हे बघू. बहुतेक डबे पॉलिप्रॉपिलिनचे, म्हणजे पीपीचे असतात. हे प्लॅस्टिक इटलीत जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली बनवलं आणि १९६३ मध्ये त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हलकं, स्वस्त, ओल्या गवताच्या रसाने काही न होणारं. पण त्याचं उन्हाशी वैर आहे. पीपीच्या साखळीत एकाआड एक कार्बनवर एक हायड्रोजन असा असतो की तो सहज सुटतो. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच घाव घालतात, साखळ्या तुटून आखूड होतात आणि चिवट प्लॅस्टिक बिस्किटासारखं होतं. पृष्ठभागावर बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी येते ती हीच. काळ्या डब्यात कार्बन ब्लॅक असतं, ते किरण स्वतःवर घेतं, म्हणून काळा डबा रंगीत डब्यापेक्षा जास्त टिकतो. सुंदर पोपटी डबा बघून भुलू नये!

म्हणून दुरुस्तीच्या आधी एक परीक्षा. डब्याच्या कडेचा कोपरा दोन बोटांत धरून हळूच वाकवा. वाकून परत आला तर डबा जिवंत आहे, तडा स्थानिक आहे, दुरुस्ती टिकेल. कटकन तुटला तर सगळा डबाच मेलाय. त्यावर पट्ट्या मारणं म्हणजे कुजलेल्या कापडाला ठिगळ लावणं, सुई घालाल तिथून फाटेल. असा डबा सरळ भंगारात, आणि नवा मागवा. पण बहुतेक वेळा मेलेला असतो तो एक भाग, म्हणजे खाच, मूठ, झाकणाची बिजागरी. यांचे सुटे भाग मिळतात, आणि हे आपल्याकडे फार जणांना ठाऊकच नसतं. दुकानदारही "पूर्ण सेट घ्या" म्हणूनच सुरुवात करतो.

सुटे भाग मागवताना डब्यावरचा नंबर कामाचा नसतो. तो बऱ्याचदा साच्याचा नंबर असतो. मॉडेल नंबर मशीनच्या पत्र्यावरच्या नेमप्लेटवर असतो, गवताच्या हिरव्या थराखाली. ओल्या फडक्याने पुसा, मोबाइलवर फोटो काढा. त्याशिवाय चार मापं घ्या: डब्याच्या तोंडाची रुंदी, दोन खाचांमधलं अंतर, ज्या सळईवर डबा अडकतो तिचा व्यास, आणि कापण्याची रुंदी. व्यास व्हर्निअरने घ्या, पहिल्या वर्षी शिकलेली ती एक गोष्ट इथे तरी उपयोगी पडते. आणि डावं-उजवं हे नेहमी हँडलमागे उभं राहून ठरवायचं, समोरून नाही. झडपेची स्प्रिंग मागवताना हे जास्तच महत्त्वाचं, कारण पिळाची स्प्रिंग डावी-उजवी वेगळी असते. उलटी बसवली तर झडप बंद करण्याऐवजी ती उघडायला बघेल.

सांगाडा लोखंडी आणि वर जाळीची पिशवी, असा प्रकार असेल तर तुम्ही नशीबवान. तिथे पिशवी काठावरच्या प्लॅस्टिकच्या पन्हाळीसारख्या पट्ट्यांनी सळईवर दाबून बसवलेली असते. फाटते ती पिशवी, सांगाडा तसाच राहतो. नुसती पिशवी बदला. पट्ट्या कडक झाल्या असतील तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, मग मऊ होऊन बसतात. थंड असताना जोर केला की तुटल्याच म्हणून समजा.

आता तडा. इथे सगळ्यांचा हात आधी क्विक गोंदाच्या ट्यूबकडे जातो. पीपीवर तो टिकत नाही. इपॉक्सीचंही तेच. पीपीचा पृष्ठभाग कशालाच चिकटू देत नाही. त्यावर पाण्याचा थेंब टाका, अळूच्या पानावरच्यासारखा गोळा होऊन बसतो. जिथे पाणी पसरत नाही तिथे गोंद काय पसरणार? पीपीसाठी खास प्रायमर मिळतो, पण हादरणाऱ्या डब्यावर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. डबा एबीएसचा असेल तर गोष्ट वेगळी, तो छान चिकटतो. प्लॅस्टिक कोणतं हे डब्याच्या आतल्या बाजूच्या ठशावरून कळतं. त्रिकोणात ५ म्हणजे पीपी, २ म्हणजे एचडीपीई, नाहीतर सरळ अक्षरं असतात. ठसा झिजला असेल तर कडेचा छोटा कपचा पाण्याच्या मगात टाका. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. टाल्क भरलेलं पीपी मात्र बुडूही शकतं, तेव्हा ॲसिटोनचा थेंब टाकून बघा. एबीएस चिकट होतं, पीपीला ढिम्म काही होत नाही. (नेलपॉलिश रिमूव्हर चालेल, पण आधी बाटलीवर वाचा, हल्ली बऱ्याच रिमूव्हरमध्ये ॲसिटोन नसतंच.)

गोंद नाही, तर काय? पहिलं काम तडा थांबवणं. तड्याच्या अगदी टोकाला ४ मिलीमीटरचं भोक पाडा. तुटलेल्या वस्तूला अजून एक भोक, हे ऐकून काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. पण यामागे १९१३ सालचं इंग्लिस यांचं गणित आहे. तड्याच्या टोकाशी ताण किती पटीने वाढतो हे तड्याची लांबी भागिले टोकाची त्रिज्या, याच्या वर्गमुळावर ठरतं. ३० मिलीमीटरचा तडा आणि टोकाची त्रिज्या ०.०५ मिलीमीटर धरली तर ताण सुमारे ५० पट होतो. भोक पाडून त्रिज्या २ मिलीमीटर केली की तोच आकडा ९ च्या आत येतो. लांबी तीच, डबा तोच, फक्त टोक बोथट झालं. अट एकच, भोक खऱ्या टोकावर पडलं पाहिजे. टोक डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं. बॉलपेनची शाई चोळून पुसून टाका, मग उरलेली निळी रेघ कुठे संपते ते बघा.

मग पट्टी. मला आवडते ती ॲल्युमिनिअमची पातळ पट्टी आणि पॉप रिव्हेट. रिव्हेटचं गोल डोकं डब्याच्या आत आणि शेपूट बाहेर, कारण आतल्या टोकदार भागाला गवत अडकून गोळा होतो. शेपटाखाली मोठा वायसर हवाच, नाहीतर रिव्हेट प्लॅस्टिकमधून आरपार जातं. आता एक गोष्ट जी वर्कशॉपमध्येही कुणी सांगत नाही: पट्टीतली भोकं गोल नकोत, लांबट हवीत. सावलीतून उन्हात आल्यावर डबा ३० अंशांनी तापला, तर ३०० मिलीमीटर लांबीत पीपी सुमारे १ मिलीमीटर वाढतं आणि ॲल्युमिनिअम जेमतेम ०.२. मधला फरक भोकांना सोसावा लागतो. जागा दिली नाही तर तुमच्या नव्या रिव्हेटपासूनच नवा तडा सुरू होतो. मधलं एक भोक गोल ठेवा, बाकीची कानस मारून लांबट करा. लांब भोकांत रिव्हेट फार आवळू नका. नटबोल्ट वापरत असाल तर नायलॉक नट घ्या आणि वायसर बोटाने फिरायचा थांबेल तेवढाच आवळा. प्लॅस्टिक सतत दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे आज करकचून आवळलेला बोल्ट महिन्याभरात सैल मिळतो आणि मग आपण तो अजून आवळतो. अशाने डबा जातो.

दुसरा मार्ग वितळवून सांधायचा. लहानपणी गल्लीत बादल्या सांधणारे यायचे, आठवतं? तापवलेली सळई आणि जुन्या बादलीचे तुकडे एवढ्यावर त्यांचं दुकान. त्यांची पद्धत अगदी बरोबर आहे, फक्त दोन नियम पाळा. भरायचं प्लॅस्टिक तेच हवं, पीपीला पीपी, एचडीपीईला एचडीपीई. ही दोन्ही दिसायला भावंडं, पण एकमेकांत विरघळत नाहीत, सांधा दिसायला सुरेख आणि ओढला की सोलून येतो. आणि नुसतं वरून लिंपू नका. तड्याला दोन्ही बाजूंनी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोबण करा म्हणजे प्लॅस्टिक आतपर्यंत जाईल. पीपी १६० ते १६५ अंशांना वितळतं. आपल्या लॅबचं सोल्डर गन त्याच्या दुप्पट तापतं, म्हणून धूर येतो आणि प्लॅस्टिक जळून ठिसूळ होतं. हॉट एअर गन ३०० अंशांच्या आसपास ठेवून, अंतरावरून तापवली तर काम सफाईदार होतं. खिडकी उघडी ठेवा. हॉस्टेलच्या रूममध्ये तर मुळीच नको, रेक्टर सरांना वासाचा उगम शोधायला दोन मिनिटं लागतात!

खाचांचं मात्र मी वितळवून करत नाही. तिथे डब्याचं सगळं वजन आणि हादरे येतात. सुटी खाच मिळत असेल तर तीच घ्या. नाही मिळाली तर ३ मिलीमीटर जाड ॲल्युमिनिअमचा तुकडा कापून त्याला सळईच्या मापाची अर्धगोल खाच कानसा आणि तो तीन रिव्हेटनी बसवा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी, कारण एक बाजू उंच राहिली की तोंडाला फट पडते. फट म्हणजे फक्त सांडणारं गवत नव्हे. पात्याची मागची कड वर वळवलेली असते, ती पंख्यासारखी हवा उचलते आणि हवा गवताला डब्यात घेऊन जाते. हवा जाळीतून बाहेर पडली पाहिजे आणि तोंडाशी गळता कामा नये. म्हणूनच जाळी बुजलेला धडधाकट डबासुद्धा अर्धाच भरतो. पावसाळ्यात "मशीनची पॉवर गेली" अशी तक्रार येते तेव्हा आधी जाळीवर पाणी मारून ब्रश फिरवा.

आणि झडप. इथे माझा जुगाडाला साफ विरोध. सायकलच्या टायरची, रबराच्या पट्ट्याची, पायपुसण्याची झडप मी बघितली आहे, त्या सगळ्या वाऱ्याने वर उडतात. झडप आणि तिची स्प्रिंग कंपनीचीच घ्यायची. किंमत डब्याच्या मानाने किरकोळ असते. मधली सळई गंजली असेल तर तीही बदला. बसवताना, आणि खरं तर डब्याला हात लावायच्या आधीच, विजेच्या मशीनचा प्लग काढून तो स्वतःच्या समोर ठेवा. पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला करा. बसवून झाली की झडप पूर्ण वर उचलून सोडा. टप्पकन आवाज करत बंद झाली पाहिजे. हळूहळू आली किंवा मधेच अटकली तर काम झालेलं नाही.

काहीजण म्हणतील, डबाच कशाला? कापलेलं गवत तिथेच पडू द्या, त्यातला नायट्रोजन मातीला मिळतो. हे खरं आहे आणि हिवाळ्यात, गवत कोरडं आणि थोडं असताना, जरूर करा. पण त्यासाठी मशीनचं मागचं तोंड बंद करणारी वेगळी गुडदी मिळते, ती लावून. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे गवत आठवड्यात वीतभर वाढतं, ओलं असतं, त्याचे गोळे पडून खालचं गवत पिवळं होतं आणि उरलेलं आपल्या चपलांबरोबर मेसपर्यंत येतं.

आमच्या डब्याला एकूण दोन खाचा, एक झडप, दोन स्प्रिंगा आणि बारा रिव्हेट लागले. काकांनी ठेवण्याची जागाही बदलली आहे. पूर्वी डबा पंपहाऊसच्या पत्र्यावर उन्हात पडलेला असायचा. आता रिकामा करून, धुऊन, पंपहाऊसच्या आत खिळ्याला उलटा टांगलेला असतो, शेजारी काळ्या मार्करने लिहिलंय: 'आधी प्लग काढा'.