वर निखारे, खाली निखारे

फेब्रुवारी 2022. डार्विनमध्ये आमचा तो पहिलाच पावसाळा. इथे पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्या वर्षी पाऊस आमच्याकडे नाही, तर खाली साउथ ऑस्ट्रेलियात नको तेवढा कोसळला. रेल्वेचे रूळ वाहून गेले, स्टुअर्ट हायवे पाण्याखाली गेला. डार्विनचा बराचसा किराणा अ‍ॅडलेडकडून सुमारे 3000 किलोमीटरचा प्रवास करून येतो, हे मला त्या आठवड्यात सुपरमार्केटची अर्धी रिकामी शेल्फं बघून कळलं. अंडी नव्हती. ब्रेडचे मोजके पुडे होते, तेही महागातले.

नवऱ्याचं शिक्षण चालू, माझी कॅज्युअल नोकरी. भाडं दिल्यावर हातात उरायचं ते मोजूनच. लेकीच्या सकाळच्या डब्याला काय द्यायचं? घरात रवा होता, गूळ होता, सुकं खोबरं होतं, मैदा होता आणि फ्रीजमध्ये दोन जून काकड्या.

सकाळी नऊला आईला फोन लावला. डार्विन भारताच्या बरोबर चार तास पुढे, म्हणजे रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात पहाटेचे पाच. आई उठलेली असणारच. सगळं ऐकून म्हणाली, "अगो, मग धोंडस कर की. तवसं आहे, गूळ आहे, आणखी काय हवं?"

मी गप्प झाले. चौथीत असताना वाढदिवसाला आईने काकडीचं धोंडस केलं होतं. काही घरांत त्याला तवसळी म्हणतात. मला मात्र बेकरीतला गुलाबी फुलांचा केक हवा होता. मी हटून बसले, धोंडसाला हातसुद्धा लावला नाही. ते तसंच टोपात राहिलं. आई तेव्हाही काही बोलली नव्हती.

"ओव्हनमध्ये किती वेळ ठेवू?" मी विचारलं. "मला काय ठाऊक ओव्हन? चुलीवर टोप ठेवायचा, झाकणावर निखारे. वर निखारे, खाली निखारे. खमंग वास सुटला की झालं." माप विचारलं तर, "हाताला कळतं."

माझ्या हाताला कळत नव्हतं, म्हणून दोन-तीनदा करून हे माप बसवलं. दोन कप जाडसर रवा पाव कप तुपावर मंद आचेवर भाजायचा. दोन कप किसलेली काकडी पाण्यासकट घ्यायची. आधी चाखून बघा, कडू निघाली तर सगळंच वाया! त्यात एक कप चिरलेला गूळ विरघळवायचा. अर्धा कप खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ आणि रवा घालून अर्धा तास झाकून ठेवायचं. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं दाट हवं, घट्ट वाटलं तर थोडं दूध. शेवटी अर्धा चमचा बेकिंग पावडर. 180 अंशांवर 40 ते 45 मिनिटं. सुरी कोरडी निघाली की बाहेर, पण वड्या गार झाल्यावरच पाडा. अंडं नाही, लोणी नाही.

कामावरच्या एका ऑस्ट्रेलियन बाईंना एक वडी दिली. कसं करतात ते ऐकून त्या हसल्या. "आमचा डॅम्परही असाच!" गुरं हाकत महिनोन्‌महिने रानात फिरणारे लोक पीठ, पाणी आणि मीठ मळून निखाऱ्यांत भाकर भाजायचे, तो डॅम्पर. नाहीतर जाड लोखंडी भांड्यात ठेवून झाकणावर निखारे रचायचे. इथले आदिवासी तर त्याच्या कितीतरी आधीपासून रानातलं बी वाटून राखेत भाकर भाजत आले आहेत.

आता शनिवारी आमच्याकडे तिखट डॅम्पर असतो. तीन कप सेल्फ रेझिंग फ्लोअर, अर्धा चमचा मीठ, ओवा, जिरं, मिरची, कोथिंबीर, दोन चमचे तेल आणि साधारण एक कप दूध. जास्त मळू नका, गोळा जमला की पुरे. वर सुरीने फुली मारून 200 अंशांवर अर्धा तास. बुडाला टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला. सोबत लसणीची चटणी. सेल्फ रेझिंग नसेल तर एक कप मैद्याला दोन टीस्पून बेकिंग पावडर.

नव्याने आलेल्यांसाठी दोन-तीन गोष्टी. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून 20 मिलीचा असतो, बाकी बऱ्याच ठिकाणी 15चा. यूट्यूब बघून केलेला माझा पहिला केक यातच बिघडला. इथल्या दमट हवेत रव्याला पोरकिडे लगेच होतात, पुडा फ्रीजरमध्ये ठेवा. बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर टाकून द्या. आणि ओव्हन पहाटेच लावा, एका वेळी दोन डबे भाजा. वीज वाचते, घर कमी तापतं, उरलेल्या वड्या फ्रीजरमध्ये छान राहतात.

रस्ते केव्हाच सुरळीत झाले, शेल्फं भरली, पण धोंडस आमच्या घरातून गेलं नाही. मागच्या महिन्यात लेकीने स्वतःच सांगितलं, "वाढदिवसाला आजीचा केक." व्हिडिओ कॉलवर मी टिन आईपुढे धरला. तिने नीट निरखून पाहिलं. "वरून जरा कमी भाजलंय," म्हणाली. मग थोडं थांबून, "तू खाल्लंस का?"

मी खाल्लं, तिच्यासमोरच. पस्तीस वर्षं उशिरा.